सोड म्हणेपर्यंत

१

जुन्या गाड्या पाळणाऱ्या माणसांबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. ज्यांना घरात एक खिळा धड ठोकता येत नाही अशी माणसं साठ वर्षांपूर्वीची गाडी विकत घेतात, मऊ फडक्याने तिला पुसत बसतात, बोनेटला टेकून फोटो काढून घेतात आणि ती अडली की माझ्या दारात आणून उभी करतात. वर मलाच बजावतात, "जरा सांभाळून हं, नाजूक आहे ती." दीड टनाचं धूड, म्हणे नाजूक.

ही काळी गाडी दातांच्या डॉक्टरची होती. दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणली होती. डॉक्टर स्वतः पांढरे बूट घालून आला होता. तेलकट फरशीच्या शेडमध्ये पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?

"ही ब्रेक धरून ठेवते हो," शेजाऱ्यांना पोराच्या खोड्या सांगाव्यात तसं तो लाडाने म्हणाला. "पाय काढला तरी सोडत नाही."

"रबरी पाइप गेलेत."

"न बघताच?"

"तुमच्याकडे कोणी गाल धरून आला तर तुम्ही काय त्याची टाच तपासता?"

तो हसला. असल्या लोकांना अपमानही कळत नाही. त्यांना वाटतं, कारागीर माणूस आहे, असाच असायचा. त्याला गाडी पुढच्या रविवारी हवी होती. त्याच्यासारखेच पंधरा-वीस रिकामटेकडे आपापली धुडं घेऊन डोंगरावर जेवायला जाणार होते.

रोग अगदी साधा होता. ब्रेकचं तेल लोखंडी नळीतून चाकाकडे जातं, पण चाक हलतं, वळतं, म्हणून शेवटचा वीतभर तुकडा रबराचा असतो. पुढे दोन, मागे एक. म्हातारपणी हे रबर आतून सुजतं. पायाच्या जोराने तेल पुढे ढकललं जातं, परत यायला मात्र त्याला जोर नसतो. मग ब्रेक लागलेलाच राहतो. पाइप बदलायचे, नवं तेल भरायचं, आत शिरलेली हवा काढायची, की झालं.

हवा काढायला मात्र दोन माणसं लागतात आणि माझ्याकडे दुसरं माणूस म्हणजे माझी बायको. आधी हाताखाली माणसं होती, एकामागून एक पळाली. माझं तोंड फाटकं आहे, असं म्हणतात. मी त्यांच्या कामाबद्दल खरं तेवढंच बोलायचो.

आमची पद्धत बत्तीस वर्षांची. ती ड्रायव्हरच्या जागी बसते, मी चाकापाशी आडवा. मी "दाब" म्हणालो की तिने पॅडल तीनदा मारायचं, तिसऱ्यांदा दाबून ठेवायचं आणि "धरलं" म्हणायचं. मग मी चाकामागचं निप्पल, म्हणजे हवा काढायची बारीक तोटी, पान्याने उघडतो, बुडबुड्यांचं तेल बाटलीत उतरतं, निप्पल बंद करतो आणि मगच म्हणतो, "सोड." ती म्हणते, "सोडलं." निप्पल उघडं असताना पाय उचलला की सगळी हवा परत आत, सगळी मेहनत पाण्यात. म्हणून नियम एकच. आधी निप्पल बंद, मग सोड. आणि मी सोड म्हणेपर्यंत, घराला आग लागली तरी, पाय हलता कामा नये.

"ही शेवटची गाडी," डॉक्टर गेल्यावर बायको म्हणाली. "माझ्या गुडघ्याची वाट लागलीये. हे झालं की मी ताईकडे जाणार, महिनाभर. बरं वाटलं तर तिथेच राहीन."

"राहा की. ताईच्या घरी पॅडल नाही, तोंडाची वाफ घालवायला मोकळी."

असं मी म्हणालो खरा. ती खरंच गेली तर काय, हा विचार मी कधी पुरता करत नसे. निम्म्यावरच पाना उचलून कामाला लागायचो.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चार लोखंडी घोड्यांवर चढवली, चाकं उतरवली. उघड्या पडलेल्या ब्रेकच्या ड्रमना हाताने फिरवून बघितलं. एकही फिरेना, चारही गच्च.

शेड घराला लागूनच आहे. वर पत्रा, एका बाजूला स्वयंपाकघराची भिंत आणि त्या भिंतीत एक बुटकी खिडकी. तिथून बायको चहा देते आणि टोमणेही. दिवसभर त्या खिडकीतून कुकरची शिट्टी, नळ, तिचा रेडिओ असं काहीबाही ऐकू येत असतं. त्या सकाळीही येत होतं. हे सांगतो, कारण पुढे जे झालं ते कोणाला अंधारातलं, एकटेपणातलं वाटू नये. लख्ख ऊन होतं आणि रेडिओवर कोणीतरी केस गळण्यावरचा उपाय सांगत होता.

पहिला पाइप पुढचा डावा. वाकवून बघितला तर थंडीत टाचेला पडतात तशा भेगा. दोन पाने घेतले, एकाने पाइप धरला, दुसऱ्याने लोखंडी नळीचा नट अर्धा फेरा सैल केला. तेलाची चिळकांडी थेट माझ्या चष्म्यावर आली.

मी मागे सरकलो, चष्मा पुसला आणि तसाच बसून राहिलो.

आता हे नीट समजून घ्या, कारण दातांच्या डॉक्टरला हे जन्मात कळलं नसतं. सुजलेल्या पाइपामुळे तेल अडकतं ते चाकाच्या बाजूला. मी सैल केला होता तो वरच्या बाजूचा नट. तिथून तेल एवढ्या जोराने उडतं ते एकाच वेळी, गाडीत बसून कोणी पॅडलवर पाय रोवला असेल तेव्हा.

उठून बघितलं. सीट रिकामी होती. पॅडल मात्र पार तळाला टेकलं होतं.

हात घालून ते वर ओढलं. आलं, पण एखाद्याच्या मुठीतून वस्तू काढून घ्यावी तसं, जड, सावकाश. स्प्रिंग मेलीये, मी ठरवलं. कुठल्या तरी गाढवाने आधी हात लावलेला दिसतोय. जुन्या गाड्यांना नेहमीच आधी कुठलं तरी गाढव लागलेलं असतं. नवी स्प्रिंग बसवली आणि विषय संपवला. मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण माझ्या मनातल्या पालींना मी फार किंमत देत नाही.

तिन्ही पाइप काढले. एक उभा चिरला, आत तार घालून बघितली, तार जाईना. मी तो खिडकीतून बायकोला दाखवला. "बघ. न बघता सांगितलं होतं की नाही?"

"हे दाखवायला मला गॅस बारीक करायला लावलात?" ती म्हणाली.

३

नवे पाइप पीळ न पडता बसवले, तांब्याचे वॉशर नवे घातले. ड्रायव्हरच्या पायाखालची चटई काढली, तिच्या खालचा चौकोनी पत्रा चार स्क्रू काढून बाजूला ठेवला. या गाड्यांत तेल भरायचं तोंड तिथे खाली असतं. पत्रा काढला की पॅडलशेजारी ताटाएवढं भोक राहतं. खाली आडवं पडून मान वळवली तर बसलेल्या माणसाची पावलं दिसतात. मी कधी बघत नाही. बायकोच्या पावलांत बघण्यासारखं काय असणार?

सगळ्यात लांबचं चाक आधी. मागचं डावं.

"दाब."

कच, कच, कच. "धरलं. लवकर करा, भाजी लागेल."

"भाजीला काय होतंय. सोड."

"सोडलं. अहो, या सीटमधून उंदराचा वास येतोय."

"डॉक्टरचा असेल. दाब."

असं पहिलं चाक झालं. प्रत्येक "धरलं" मागे एक शेपूट होतं. गुडघा, भाजी, ताई, उंदीर. मग घरात फोन वाजला. ती काहीतरी म्हणाली, मी "हूं" केलं आणि उजव्या बाजूला सरकलो.

"दाब."

कच, कच, कच. "धरलं."

एवढंच. शेपूट नाही. आवाज जरा बसलेला होता. रुसली, मी मनात म्हटलं, बरं झालं. उघडलं, तेल उतरलं, बंद केलं. "सोड." "सोडलं." तीन ठोके कसे घड्याळासारखे, दाब एकसारखा, कुठे थरथर नाही की कंटाळा नाही. बत्तीस वर्षांत बायकोने एवढं स्वच्छ पॅडल मारलं नव्हतं. मागचं चाक सहा मिनिटांत संपलं. पुढचं डावं पाच मिनिटांत. बाटलीत एक बुडबुडा दिसेना. मला इतकं बरं वाटलं की मी गाडीखालून ओरडलो, "शाब्बास!"

मी बाहेर सरकलो, उठून बसलो. तेवढ्यात समोरच्या फाटकातून बायको आत आली. हातात पिशवी होती. पिशवीतून कोथिंबीर डोकावत होती.

"झालं तुमचं?" तिने विचारलं. "ताईचा फोन होता. मग म्हटलं तेवढ्यात कोपऱ्यावर जाऊन येते. तुम्हाला सांगून गेले की. हूं म्हणालात."

४

मी मूर्ख नाही. ती आत गेल्यावर मी पहिलं काम केलं ते गाडीचं दार उघडून सगळं तपासायचं. सीटखाली बघितलं, मागे बघितलं, डिकी उघडली. मग विचार केला. तेल स्वतःच्या वजनानेही हळूहळू उतरतं. सवयीचा आवाज डोक्यात वाजतो. बत्तीस वर्षं एकच शब्द ऐकलेला कान तो न बोललेलाही ऐकेल. हे सगळं पटण्यासारखं होतं. फक्त पॅडलचा कच-कच आवाज त्यात कुठे बसत नव्हता.

दाराशी उभा राहून, पॅडलवर नजर ठेवून, मी हळूच म्हणालो, "दाब."

काही झालं नाही. मी स्वतःवरच हसलो. साठीच्या उंबरठ्यावर येऊन मी रिकाम्या गाडीला हुकूम सोडत होतो. डॉक्टरने बघितलं असतं तर त्याच्या त्या फडकेवाल्या मंडळात मला सभासद करून घेतलं असतं.

पण एक चाक राहिलं होतं, पुढचं उजवं. बायकोला हाक मारायची म्हणजे पुन्हा गुडघा, पुन्हा ताई. मी आडवा झालो. चेहरा चाकाकडे ठेवला, भोकाकडे नाही, आणि म्हणालो, "दाब."

कच, कच, कच. "धरलं."

घाबरलो का? घाबरलो. पण खरं सांगायचं तर हात थांबले नाहीत. काम इतकं सुरेख होत होतं. कोणाचं तरी चांगलं काम बघायला मिळून मला वर्षं लोटली होती. ते करतंय कोण, हा प्रश्न मी बाजूला ठेवला. मला लोकांच्या नावागावाशी कधीच देणंघेणं नव्हतं, पाना धरता येतो का एवढंच मी बघतो.

शेवटचा फेरा चालू होता. मी निप्पल बंद केलं आणि वर खिडकी वाजली.

"कोणाशी बोलताय?" बायकोचा आवाज.

"स्वतःशी."

"मघाशी शाब्बास म्हणालात, ते ऐकलं मी फाटकातून. कोणाला?"

मी गाडीखालून बाहेर आलो. तिचा चेहरा खिडकीत होता, केसांना पीठ लागलं होतं. मी काहीही बोलू शकलो असतो.

"तुझ्यापेक्षा बरं काम करतं," मी म्हणालो.

"कोण?"

"कोणी का असेना. तोंड न चालवता पाय चालवतं. जा तू ताईकडे खुशाल, अडत नाही माझं."

"मला कधी नाही म्हणालात शाब्बास," ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली. मी हात धुतले. जेवायला बसलो. मला वाईट वाटत होतं आणि त्या वाईट वाटण्याचा राग येत होता. त्या रागात दुपार गेली, संध्याकाळ गेली. शेवटच्या फेऱ्याला मी "सोड" म्हणालोच नव्हतो, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

५

सकाळी चहा घेऊन शेडमध्ये गेलो आणि सवयीने एका ड्रमला हात घातला. तो फिरेना. चारही फिरेनात. नवे पाइप, नवं तेल, आत हवेचा बुडबुडा नाही, आणि चारही पुन्हा गच्च.

दार उघडलं. पॅडल अर्ध्यावर होतं, जिथे पक्का दाब लागून थांबतं तिथे. हाताने ओढलं. केसभरही हललं नाही. तेव्हा मला आठवलं. काल दुपारपासून, रात्रभर, आत्तापर्यंत. मी सांगितलं नव्हतं, म्हणून सोडलं नव्हतं.

एक शब्द म्हणायचा होता. मी तोंड उघडलं आणि लाज वाटली. हो, लाज. उन्हात उभं राहून रिकाम्या सीटला "सोड" म्हणायचं म्हणजे ती सीट रिकामी नाही हे मान्य करायचं. कालपर्यंत मी काही मान्य केलं नव्हतं, फक्त वापरून घेतलं होतं.

"काय झालं?" बायको मागे उभी होती. रात्रभर रुसलेली, पण काम अडलेलं बघून आलेली. तिची ही खोड मला कधी कळली नाही. माझ्यावर चिडूनही ती माझं काम अडू देत नसे.

"पॅडल अडकलंय. स्प्रिंग."

"सरका. मी पायाने उचलून बघते."

"नको."

"का नको? आता मी नकोच का?" असं म्हणून ती आत बसलीसुद्धा. चप्पल काढून उजवं पाऊल पॅडलखाली सरकवून ती वर रेटू लागली. मी तिला हाताला धरून बाहेर काढायला हवं होतं. त्याऐवजी मी विचार केला की निप्पल उघडलं, दाब उतरला, की सगळं आपोआप सुटेल आणि तो शब्द म्हणावाच लागणार नाही. मी पाना घेऊन पुढच्या उजव्या चाकाखाली शिरलो. निप्पल उघडलं.

तेल उडालं, पण तेवढंच. पॅडल जागचं हललं नाही.

"येत नाहीये वर," बायको म्हणाली.

अडकलेलं पॅडल एकदा खाली दाबलं की सुटतं. कोणताही मेकॅनिक हेच करेल. हे ठरवून बोललो असं नाही, बत्तीस वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं.

"दाब."

"अहो, माझा पाय खाली..."

निप्पल उघडं असताना पॅडलला अडवायला काहीच नसतं. ते तळापर्यंत जातं. ते गेलं. बायको किंचाळली.

मी मान वळवली. डोक्याच्या वर, हातभरावर, ते चौकोनी भोक होतं. त्यातून तिचं डावं पाऊल दिसलं, ताणलेलं. उजवं पाऊल पॅडलच्या दांड्याखाली चेंगरलेलं दिसलं. आणि पॅडलवर तिसरं पाऊल होतं. साधं, स्वच्छ, नखं कापलेली. बसलेल्या माणसाची टाच सीटकडे असते आणि बोटं इंजिनाकडे. या पावलाची बोटं माझ्या बायकोकडे होती. टाच इंजिनाकडे, जिथे पत्र्यापलीकडे लोखंडाशिवाय काही नाही. वर घोटा होता आणि घोट्याच्या वर पत्र्याची कड आड आली. आली नसती तरी मी बघितलं नसतं.

"धरलं," वरून आवाज आला.

मला तेव्हा काय करायचं होतं ते लहान मुलालाही कळलं असतं. मी पाना निप्पलला लावला. एक फेरा फिरवला. दुसरा फिरवला. घट्ट झालं हे बोटाने चाचपलं. मग ओरडलो, "सोड!"

"सोडलं."

पॅडल वर आलं. चारही ड्रम एकदम सैल झाल्याचा बारीक आवाज झाला. बायको सीटवरून बाहेर पडली आणि तिथेच फरशीवर बसली.

६

दोन बोटं मोडली होती आणि पावलाचं एक हाड. दवाखान्यात प्लास्टर घातलं. परत येताना रिक्षात, आपल्या पांढऱ्या पायाकडे बघत, ती म्हणाली, "मी ओरडत होते ना?"

"हो."

"मला पान्याचा आवाज आला. तुम्ही आधी निप्पल बंद केलंत."

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "हवा गेली असती आत." आणि खरं सांगतो, म्हणताना मला ते योग्य उत्तर वाटत होतं.

तिने मान हलवली, एखादा हिशोब जुळल्यावर हलवतात तशी. "ते कोण होतं, हे मला विचारायचं नाही," ती म्हणाली. "मला तुमचं कळलं, तेवढं पुरे." दुसऱ्या दिवशी ताई येऊन तिला घेऊन गेली. मी पिशवी उचलायला पुढे झालो तर ताईने ती माझ्या हातातून काढून घेतली.

रविवारच्या आधी डॉक्टर गाडी न्यायला आला. एक फेरी मारून आला तो आनंदाने फुललेला. "काय ब्रेक लागतात हो! नुसता पाय टेकवला की उभी. आणि सोडला की लगेच मोकळी!" मी त्याला काही सांगितलं नाही. सांगून काय, त्याने कौतुकाने बोनेट थोपटलं असतं.

गाडी रस्त्याच्या वळणाआड गेली तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला. हीच माझी अक्कल.

७

त्याच दुपारी मी अंथरुणावर पडलो होतो. समोरच्या दारातून ऊन येत होतं. बायको नाही हे विसरून मी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालो, "दार लाव गं."

दार लागलं. अगदी हळू, आवाज न करता, जसं मला आवडतं तसं.

"लावलं."

तेव्हापासून मी घरात बोलत नाही. सुरुवातीला चुका व्हायच्या. माणूस एकटा असताना किती हुकूम सोडतो हे मोजल्याशिवाय कळत नाही. चष्मा बघ, पंखा कमी कर, मर जा तिकडे. हे शेवटचं मी एका माशीला म्हणालो होतो. ती माशी टेबलावर पडली आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडलो.

बाहेर बरं असेल असं वाटलं. न्हाव्याकडे गेलो. हा न्हावी म्हणजे बडबड्या, डोकं सोडून सगळीकडे लक्ष. मी वैतागून म्हणालो, "अरे, डोकं नीट धर." आणि समोरच्या आरशात बघितलं. न्हाव्याच्या एका हातात कात्री होती, दुसऱ्यात कंगवा. माझं डोकं दोन्ही बाजूंनी नीट धरलेलं होतं.

"सोड," मी ओठातल्या ओठात म्हणालो.

"काय काका?" न्हाव्याने विचारलं.

एकदा धीर करून, घराच्या मधोमध उभा राहून मी म्हणालो, "जा." घर शांत झालं. मला वाटलं, गेलं. मग पहिल्यांदाच त्या बसक्या आवाजाने मला प्रश्न विचारला.

"कुठे?"

माणसाला कुठेतरी पाठवायचं म्हणजे मनात एखादं ठिकाण हवं आणि माझ्या मनात दिवसरात्र एकच ठिकाण होतं, ताईचं घर, खिडकीजवळची खाट, प्लास्टरमधला पाय. ते नाव जिभेवर आलं होतं. मी जीभ चावली, रक्त येईपर्यंत. त्यानंतर मी "जा" म्हणालेलो नाही.

काल दुपारी फोन वाजला. बायकोचा. मी नुसता कानाला लावला.

"प्लास्टर काढलं," ती म्हणाली. "चालता येतंय. थोडं दुखतं." मी ऐकत होतो. मी भिंतीला टेकलो. "ताई म्हणते, राहा अजून. मी म्हटलं, विचारून बघते. खूप विचार केला मी. तुम्ही वाईट आहात, पण इतकी वर्षं एकाच वाईट माणसाची सवय झालीये." ती हसल्यासारखी झाली. "मला माफीबिफी नको. मला माहीतेय, ते तुम्हाला जमणार नाही. फक्त एकदा तोंडाने 'ये' म्हणा. संध्याकाळच्या गाडीने निघते."

मला म्हणायचं होतं. आयुष्यात दुसरं काही इतकं म्हणावंसं वाटलं नव्हतं. मी श्वास घेतला, तोंड उघडलं.

आतल्या खोलीत खुर्ची सरकली. माझी हाक येणार हे कळून कोणीतरी उठून उभं राहिल्यासारखी. अजून ते मला दिसलेलं नाही, घोट्याच्या वर नाही, कारण मी त्याला कधी समोर बोलावलेलं नाही. आणि ते हुकूम कोणासाठी आहे हे कधीच विचारत नाही.

"ऐकताय ना?" बायको म्हणाली. "एकच शब्द तर आहे."

मी फोन दोन्ही हातांनी धरून तोंड मिटून घेतलं. ती थांबली. पलीकडे ताईच्या घरातली भांडी वाजत होती.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "एवढंही जड जातं ना तुम्हाला. कळलं मला."

फोन बंद झाला. मी तसाच उभा राहिलो, भिंतीला टेकून, तोंड मिटून, आतली खुर्ची पुन्हा जागेवर जाईपर्यंत.